चेक लाइट पेटला, आता कुणाला विचारू?

मेव्हण्याचा रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल आला. बघतो तर हा पार्किंगमध्ये, गाडीची डिकी उघडी, मोबाईल कुठेतरी टेकवून ठेवलेला आणि हा टॉर्च घेऊन सीएनजीच्या टाकीला सगळीकडून चाचपतोय. म्हटलं काय रे, काय हरवलं? तर म्हणे, "दाजी, गॅस कॅप कुठं असते हो? टाइट करायचीय."

मला दोन मिनिटं काही कळेचना. मग हळूहळू उलगडा झाला. ऑफिसातून येताना डॅशबोर्डवर पिवळा इंजिनचा दिवा पेटला, ज्याला आपण सगळे चेक लाइट म्हणतो तो. याने फोटो काढला, मोबाईलमधल्या एआयला टाकला आणि विचारलं की हे काय आहे. एआयने एकदम शुद्ध मराठीत उत्तर दिलं की घाबरू नका, याचं नेहमीचं कारण म्हणजे गॅस कॅप सैल असणे, ती आधी घट्ट करून बघा. आता अमेरिकेत गॅस म्हणजे पेट्रोल आणि गॅस कॅप म्हणजे आपलं पेट्रोलच्या टाकीचं झाकण. भाषा मराठी झाली, गॅस मात्र अमेरिकेतलाच राहिला आणि आमचा गडी चक्क सीएनजीच्या सिलिंडरला झाकण शोधत बसला. नशीब, हाताला लागलं ते काही त्याने पिळलं नाही.

हा किस्सा मी चार ठिकाणी सांगितला आणि चारही ठिकाणी लोक हसून एकच म्हणाले, बघ, म्हणून एआयच्या नादी लागू नये, सरळ मिस्त्रीकडे जावं. मला हे पटत नाही. मेव्हण्याचं चुकलं असं मला वाटतच नाही. चुकलंय ते वेगळीकडे, आणि ते एआय यायच्या कितीतरी आधीपासून चुकलेलं आहे.

रात्री साडेदहाला त्याने दुसरं काय करायचं होतं सांगा. गाडीचं मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये, पीयूसी आणि जुन्या पार्किंगच्या पावत्यांखाली. ते इंग्रजीत, आणि एकाच पुस्तकात त्या मॉडेलची सगळी व्हेरियंट कोंबलेली, त्यामुळे दर दोन ओळींनंतर "असल्यास" म्हणजे आपल्या गाडीत ते आहे का नाही ते आपणच ठरवायचं. मिस्त्रीला फोन करावा तर तो उचलत नाही, आणि का उचलेल, त्यालाही घर आहे. राहिला व्हॉट्सॲप ग्रुप, तिथं एक जण म्हणणार इंजिन काम निघालं आणि दुसरा म्हणणार काही होत नाही रे, माझ्या गाडीत दोन वर्षं पेटलाय. त्यापेक्षा एआय बरा, निदान आवाज चढवत नाही आणि "एवढं पण माहीत नाही का" असं म्हणत नाही. हा शेवटचा मुद्दा पुरुषांना लहान वाटेल, पण गॅरेजमध्ये एकट्या गेलेल्या कुठल्याही बाईला विचारा, प्रश्न विचारला की मेकॅनिक उत्तर तिला न देता शेजारी उभ्या पुरुषाकडे बघून देतो, मग तो पुरुष तिचा बारा वर्षांचा मुलगा का असेना.

तर विचारणं बरोबर. प्रश्न आहे काय विचारायचं आणि कशावरून विचारायचं.

दिव्यांचं तसं अवघड काही नाही. चित्रं कशी असावीत याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २५७५, त्यामुळे गाडी कोरियन असो, जपानी असो की आपली, चित्रं साधारण तीच. आणि रंग सिग्नलसारखे. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे लवकर दाखव, हिरवा निळा म्हणजे नुसती माहिती. एवढं समजलं तरी अर्धं काम झालं. पण यातला एक दिवा मात्र प्रत्येकाने पाठ करावा असा आहे, तो म्हणजे लाल रंगाची तेलाची झारी, अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखी दिसते आणि टोकाला थेंब असतो. लोकांना वाटतं ऑइल जरा कमी झालं असेल, पुढे गॅरेज आहे दहा किलोमीटरवर, तिथं टाकू. तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नसतो, ऑइलचं प्रेशर गेलंय हे सांगत असतो, म्हणजे इंजिनच्या आत या क्षणी धातूवर धातू घासायला लागलाय. इथं दहा किलोमीटर सोडा, एक किलोमीटर पण महागात पडतो, गाडी बाजूला घेऊन तिथल्या तिथे बंद करायची असते. असाच दुसरा लाल दिवा म्हणजे पाण्यात बुडवलेला थर्मामीटर, इंजिन तापल्याचा. गंमत म्हणजे बऱ्याच छोट्या गाड्यांतून कंपन्यांनी टेंपरेचरचा काटाच काढून टाकलाय आणि त्याच चित्राचा निळा दिवा ठेवलाय जो सकाळी इंजिन थंड असताना पेटतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातो. नवीन गाडी घेतलेली किती माणसं पहिल्या थंडीत हा निळा थर्मामीटर बघून हादरतात.

अशा वेळी, म्हणजे "हे चित्र कशाचं आणि मी थांबू का जाऊ" एवढ्या प्रश्नाला, एआय चांगला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आयफोनमध्ये तर २०२३ च्या आयओएस १७ पासून फोटोमधल्या डॅशबोर्डच्या चिन्हाचा अर्थ सांगायची सोय आलीच आहे, त्याला गप्पा मारणारा एआय पण लागत नाही.

आणि याचा खरा उपयोग माझ्यासारख्याला नाही, ज्याच्याकडे मॅन्युअल वाचायला वेळ आणि इंग्रजी दोन्ही आहे. मागे शिरवळच्या पुढे चहाला थांबलो होतो, शेजारी एक मालवाहू गाडीचा ड्रायव्हर मोबाईल तोंडाजवळ धरून बोलत होता, मला वाटलं घरी बोलतोय, तर तो एआयला विचारत होता की गाडी पुढच्या वेळी चालू होणार नाही असं काहीतरी इंग्रजीत लिहून येतंय, त्याचं काय करू. बीएस-६ हे धुराचे नवे नियम आल्यापासून मोठ्या डिझेल गाड्यांना डिझेलबरोबर डीईएफ लागतं, ड्रायव्हर लोक त्याला सरळ युरिया म्हणतात, निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते, त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी. ते संपत आलं की गाडी आधी इशारे देते, मग ताकद कमी करते आणि शेवटी एकदा बंद केली की परत चालू व्हायला नकार देते. हे सगळं स्क्रीनवर इंग्रजीत. मालक फोनवर शिव्या देणार, माल वेळेत पोचवायचा, आणि समोर न वाचता येणारी सूचना. त्याला मोबाईलने मराठीत सांगितलं की बाबा तुझा युरिया संपलाय, पंपावर सीलबंद कॅन मिळतो तो घे, शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकू नको. हे शेवटचं वाक्य फार मोलाचं, कारण तसं करणारे आहेत आणि त्याने पुढची महागडी सिस्टीम बाद होते. या माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू की एआयच्या नादी लागू नको?

डिझेल कारवाल्यांचं आणखी एक. डीपीएफ म्हणून एक फिल्टर असतो, धुरातली काजळी धरून ठेवतो आणि गाडी हायवेला तापली की ती काजळी जाळून टाकतो. आता गाडी रोज घर ते शाळा ते भाजी मंडई एवढीच फिरत असेल तर तो तापणार कधी? मग दिवा पेटतो. हा असा दिवा आहे की सुरुवातीला त्याचं बरोबर उत्तर बहुतेक वेळा "थांबू नका, हायवेला काढा आणि एकसारख्या स्पीडने पंधरा-वीस मिनिटं पळवा" हे असतं, आणि आपण नेमकं उलटं करतो, घाबरून गाडी बाजूला लावून इंजिन बंद करतो, म्हणजे जळायला सुरुवात झालेली काजळी अर्धवट. चार वेळा असं झालं की मग खरंच गॅरेज. इथं कुणीतरी रात्री-बेरात्री मराठीत समजावून सांगणारं असेल तर पैसे वाचतात, सरळ हिशोब आहे.

आता दुसरी बाजू. फोटोत काय येत नाही ते बघा.

रंग येत नाही नीट. अंधारात डॅशबोर्डचा फोटो काढलात की मोबाईलचा कॅमेरा उजेड वाढवतो आणि लाल दिवा फोटोत नारिंगी पिवळा दिसू शकतो. आणि आत्ताच म्हटलं की रंगातच तर सगळा अर्थ आहे. दुसरं, दिवा लुकलुकतोय का स्थिर आहे ते फोटोत कसं दिसणार? चेक लाइट स्थिर असेल तर गाडी सांभाळून घरी नेता येते, पण तोच लुकलुकत असेल तर इंजिनच्या सिलिंडरमध्ये नीट आग लागत नाहीये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळतंय आणि त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असले धातू असतात, म्हणजे खर्च कुठल्या लेव्हलचा ते समजून घ्या. एकच चित्र, दोन अर्थ, आणि फोटो दोन्हींचा सेम. तिसरं, इंजिन चालू होतं का नुसती किल्ली फिरवली होती? नुसती किल्ली फिरवली की सगळे दिवे काही सेकंद पेटतात, गाडी स्वतःच तपासून घेते, आणि ऑइलचा न् बॅटरीचा तर इंजिन चालू होईपर्यंत पेटलेलाच राहतो, त्यात काहीच बिघाड नाही. तो फोटो टाकलात तर एआय सांगेल ताबडतोब थांबा, टोइंगला फोन करा. तो खोटं बोलत नाहीये, तुम्ही त्याला अर्धीच गोष्ट सांगितलीत.

आणि जो दिवा पेटलाच नाही त्याचा फोटो कसा काढणार? हे मी मुद्दाम सांगतोय कारण सेकंड हँड गाडी घेताना हल्ली पोरं डॅशबोर्डचा फोटो एआयला टाकून "सगळं ओके आहे का" विचारतात. एअरबॅग एकदा उघडून गेली असेल, नवीन बसवली नसेल, तर दिवा कायम पेटलेला राहायला पाहिजे. तो विकणारा माणूस काय करतो, तो दिवाच काढून टाकतो किंवा शेजारच्या दिव्याच्या वायरला जोडून देतो, म्हणजे दुसरा पेटला की हा पेटतो आणि दुसरा विझला की हा विझतो. फोटो स्वच्छ. हे ओळखायचं तर किल्ली फिरवताना स्वतः डोळ्याने बघायचं, कुठला दिवा आलाच नाही, आणि कुठला शेजाऱ्याच्या जोडीने उठतोय आणि झोपतोय. कुठलाही हुशार एआय हे फोटोवरून सांगू शकत नाही कारण फोटोत सांगण्यासारखं काही नाहीच.

म्हणून माझं म्हणणं असं की "थांबू का जाऊ" एवढंच एआयला विचारा, आणि विचारताना सोबत सगळं सांगा, गाडी कुठली, किती साली घेतली, सीएनजी बाहेरून बसवलंय का, दिवा लुकलुकतोय का, कसला वास येतोय का, आवाज बदललाय का. "काय बिघडलंय" हे मात्र फोटोवरून विचारू नका. पिवळा चेक लाइट म्हणजे ताप आल्यासारखं आहे. ताप आलाय हे खरं, पण तो डेंग्यूचा का मलेरियाचा का नुसता भिजल्याचा हे थर्मामीटरच्या फोटोवरून कुठला डॉक्टर सांगेल? एआय मात्र सांगतो, आणि पाच-सहा कारणं अशी ठासून देतो की माणसाला वाटतं निदान झालं. ऑक्सिजन सेन्सर, स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, कन्व्हर्टर. यादी चुकीची नसते, पण ती तुमच्या गाडीची नसते, जगातल्या सगळ्या गाड्यांची मिळून असते. मग तो कागद घेऊन माणूस गॅरेजमध्ये जातो आणि म्हणतो सेन्सर बदला, आणि गॅरेजवाला आनंदाने बदलतो, त्याचं काय जातंय.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. एआय अंदाज करतोय, पण गाडीला माहीत असतं.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास हात घातला की सोळा पिनांचं एक सॉकेट लागतं, ओबीडी म्हणतात त्याला, म्हणजे गाडीने स्वतःच स्वतःला तपासायची सिस्टीम. दिवा पेटतो त्याच क्षणी गाडीचा कॉम्प्युटर एक कोड लिहून ठेवतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तेच ते नीट आग न लागणं. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त पेट्रोल कमी. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये असं दिसतंय. नुसता कोड नाही, बऱ्याचदा त्या क्षणी स्पीड किती होता, इंजिन किती तापलेलं होतं याची नोंद पण असते. म्हणजे पुरावा जागेवर आहे, आणि आपण काय करतो, त्या पुराव्याच्या चार बोटं वर लावलेल्या एका चित्राचा फोटो काढून सातासमुद्रापार पाठवतो आणि विचारतो सांगा आमच्या गाडीच्या मनात काय आहे. घरातल्या माणसाला सोडून तिऱ्हाइताला विचारल्यासारखं.

ही सिस्टीम आली मुळात हवेसाठी. कॅलिफोर्नियात धुराचा त्रास एवढा की तिथल्या हवा मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून पहिली ओबीडी आणायला लावली, मग १९९६ पासून अख्ख्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कारना ओबीडी-२ सक्तीची झाली. आपल्याकडे बीएस-४ च्या काळात, २०१० ला पहिली आणि २०१३ ला दुसरी ओबीडी आली, मग १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा, ज्यात रस्त्यावर खरोखर चालताना किती धूर जातो ते पण बघायचं आहे. म्हणजे दर टप्प्याला गाडी स्वतःबद्दल जास्त जास्त जाणून घेत गेली. मालकाला काय मिळालं? तेच ते पिवळं चित्र.

आणि स्क्रीन नाही म्हणून अडलंय असं पण नाही. आजकाल दहा-बारा लाखांच्या गाडीत दहा इंची स्क्रीन आहे, "सनरूफ खोलो" म्हटलं की सनरूफ उघडतं, गाणी आहेत, आणि इंजिनमध्ये बिघाड झाला की तीच स्क्रीन म्हणते कृपया सर्व्हिस सेंटरला भेट द्या. बाई, तुला माहीत आहे की काय झालंय, सांग ना! पी०३०१, पहिला सिलिंडर, मिसफायर, सावकाश चालवा, मराठीत एक ओळ. हे दाखवायला कुठलंही नवीन तंत्रज्ञान लागत नाही. पाचशे-हजाराचं ब्लूटूथ डोंगल त्या सॉकेटला लावून मोबाईलवर आजही कुणीही बघू शकतं. मग कंपनी का नाही दाखवत? मला तरी एकच उत्तर सुचतं. मालकाला कोड कळला की तो कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जाईल.

हे मी हवेत बोलत नाहीये. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २५४४ कोटींचा दंड ठोठावला होता तो याचसाठी, सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. पुढे प्रकरण अपिलात गेलं, ते जाऊ द्या, पण मुद्दा आयोगासमोर सिद्ध झालेला होता. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, शेतीची यंत्रं, मोबाईल, घरातली उपकरणं आणि गाड्या अशी चार क्षेत्रं ठरवली आणि वर्षअखेरीला एक पोर्टल आलं. पोर्टलवर काय मिळतं, कंपन्यांचे सर्व्हिसचे पत्ते आणि लिंका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लोकांनी २०१२ मध्ये मतदान करून हा हक्क मिळवला आणि २०२० मध्ये परत मतदान झालं, या वेळी गाडी जो डेटा वायरलेस कंपनीला पाठवते त्याबद्दल, तर साधारण ७५ टक्के लोकांनी हो म्हटलं. आपल्याकडे दुरुस्तीचा हक्क म्हटलं की लोकांना मोबाईलची बॅटरी आठवते, गाडी कुणाला आठवत नाही.

मधला रस्ता म्हणून कंपन्या आता स्वतःचा एआय देतायत. फोक्सवॅगनने अमेरिकेत २०२४ मध्ये त्यांच्या ॲपमध्ये गुगलच्या जेमिनी या एआयवर चालणारा मदतनीस आणला, मोबाईलचा कॅमेरा डॅशबोर्डच्या दिव्यावर धरला की तो सांगतो हा कसला दिवा आणि काय करायचं, सुरुवातीला फक्त ॲटलास मालिकेतल्या मोठ्या गाड्यांसाठी. चांगलंच आहे, कारण तो त्या गाडीचं मॅन्युअल धरून बोलतो, सगळ्या जगाच्या गोळाबेरजेवरून नाही, आणि असा एआय मराठीत आला तर मेव्हण्याचा गॅस कॅपवाला घोटाळा होणार नाही. पण मला सांगा, कंपनीचा एआय तुम्हाला कधी म्हणेल का की हे काम किरकोळ आहे, नाक्यावरच्या मिस्त्रीकडून दीडशे रुपयांत करून घ्या? तो शेवटी म्हणणार जवळचं सर्व्हिस सेंटर इथे आहे, अपॉइंटमेंट बुक करू का. सावकाराच्या मुनिमालाच व्याजाबद्दल विचारण्यातला प्रकार. त्यामुळे बाहेरचा, कुणाचाही मिंधा नसलेला एआय असावाच, फक्त त्याच्या हातात फोटोऐवजी कोड द्या. पी०४२० आणि सोबत गाडीची सगळी माहिती दिली तर तो चांगलं समजावतो, अगदी हे पण सांगतो की कोड आला म्हणजे कन्व्हर्टरच गेला असं नसतं, कन्व्हर्टरच्या नंतरचा ऑक्सिजन सेन्सर किंवा सायलेन्सरच्या जोडातली गळती पण असू शकते. हे एक वाक्य माहीत असलं की मोठ्या एस्टिमेटवर सही करायच्या आधी माणूस एक प्रश्न जास्त विचारतो.

मिस्त्री लोकांच्या पोटावर पाय येतो असं काही जण म्हणतात. मला उलटं दिसतं. आमच्या मिस्त्रीकडे कामाला असलेला पोरगा स्कॅनर लावतो, त्यावर इंग्रजीत जे येतं ते मोबाईलला विचारतो आणि मग उस्तादाला मराठीत सांगतो. उस्ताद स्वतः ते ऐकतात, हूं म्हणतात, आणि बॉनेट उघडून पहिल्यांदा वास घेतात. ज्या गॅरेजांत नुसतं कोड उडवून "झालं साहेब, दिवा गेला" म्हणून पाठवतात आणि चार दिवसांनी दिवा परत येतो, त्यांना मात्र त्रास होईल, आणि झालाच पाहिजे. कोड उडवायच्या आधी मला दाखवा आणि फोटो काढू द्या, एवढं म्हणायची सवय लावून घ्या, कारण कोडबरोबर ती त्या क्षणाची नोंद पण पुसली जाते आणि मग पुढचा माणूस अंधारात चाचपडतो.

मेव्हण्याच्या गाडीचं काय झालं ते राहिलंच. सकाळी मी डोंगल घेऊन गेलो, कोड काढला, तो एका सेन्सरच्या सर्किटचा होता. एआयला दिला तर तो म्हणाला सेन्सर किंवा त्याची वायरिंग, आधी वायरिंग तपासा. इथपर्यंत मला स्वतःचा अभिमान वगैरे वाटत होता. मग उस्तादांकडे गेलो. त्यांनी कोड विचारलाच नाही. विचारलं, "गाडी किती दिवस उभी होती?" मेव्हणा म्हणाला, आठवडाभर, गावाला गेलो होतो. "पार्किंगमध्ये कचऱ्याचे डबे कुठं असतात तुमच्या?" मेव्हणा माझ्याकडे बघायला लागला. डबे बरोब्बर गाडीच्या मागे असतात. उस्तादांनी बॉनेट उघडलं, वाकून वास घेतला, एअर फिल्टरच्या डब्याखाली हात घातला आणि कुरतडलेली वायर बाहेर काढली, सोबत बटाट्याची अर्धी साल आणि उंदराच्या लेंड्या. वायर जोडून टेप मारायला वीस मिनिटं लागली.

जाताना त्यांनी बॉनेटमध्ये तंबाखूची एक पुडी बांधून दिली, उंदीर येत नाहीत म्हणे. मेव्हण्याने गाडीत बसल्या बसल्या मोबाईल काढून एआयला विचारलं की तंबाखूने खरंच उंदीर जातात का. एआय म्हणाला, याला ठोस पुरावा नाही. मेव्हण्याने पुडी तशीच ठेवलीय, डबे मात्र अजून तिथेच आहेत, सोसायटीची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे.